मुलीला उचलण्याआधी श्वास सोडा

आधीच सांगून टाकते. हे वाचताना कोणाला लाज वाटली तर वाटू द्या, मलाही लिहिताना वाटतेय. पण मी नऊ वर्षं शहादा डेपोत कंडक्टर आहे. खच्चून भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं बोलायची सवय आहे मला. आणि ज्या गोष्टीबद्दल मी दोन महिने तोंड दाबून बसले, ती आता कुजबुजत सांगण्यात काही अर्थ नाही.

बाळंतपणानंतर माझं अंग खाली आलं होतं. गर्भपिशवी. आमच्याकडे बायका 'अंग बाहेर येणं' म्हणतात, म्हणजे म्हणतच नाहीत, एकमेकींकडे बघतात फक्त. त्याबरोबर कंबर आणि जांघेतलं मधलं हाड असं दुखायचं की कुशीवर वळताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. हे दुखणं माझं मीच वाढवून घेतलं, ते कसं आणि बाहेर कशी आले, एवढंच मला सांगायचं आहे. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पट्टा

माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी झालं. सासूबाईंना आम्ही जिजी म्हणतो. शहाद्यापासून चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव, केळी-कापसाची शेती, माणसं कमी बोलणारी. जिजी तर बोलतच नाहीत, करून मोकळ्या होतात. मुलगी झाली, तन्वी, आणि तिसऱ्या दिवशी जिजींनी जुनं सुती लुगडं फाडून माझं पोट बांधायला घेतलं. मला कुशीवर लोटलं, पाठीत गुडघा रोवला आणि पट्टा असा ओढला की माझा श्वास गळ्यातच राहिला.

"जिजी, मरी जासू ना मी!"

"घट्ट नई बांधं ते पोटमा वारा भरस," एवढंच त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या आणि आणखी एक वेढा दिला.

रोज सकाळी मालिश, शेक, मग पट्टा. मला तो आवडायलाही लागला, खोटं कशाला बोलू. पोट आत गेलेलं दिसायचं. मला परत खाकी ड्रेस अंगात घालायचा होता. डेपोतल्या मैत्रिणीने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला, बाळंतपणानंतर सपाट पोट, घरच्या घरी योगा. त्यातली बाई हसत हसत दोन्ही पाय आणि डोकं वर उचलून नावेसारखी तरंगायची. मग उकिडवी बसून बसून उठायची. ते बघून मला वाटलं, यात काय एवढं, आपण तर रोज दोनशे किलोमीटर उभ्याने जातो.

मुलगी पंचवीस दिवसांची होती. दार लोटून, पट्टा तसाच आवळलेला ठेवून मी सुरू केलं. बाळंतपणात नर्स ओरडत होत्या, "श्वास रोख, जोर लाव!" तेच डोक्यात बसलं होतं. श्वास रोखायचा, दात आवळायचे, पाय वर. घाम निघायचा आणि मला वाटायचं, आहा, फायदा होतोय. मूर्खपणा, दुसरं काय!

पाचव्या-सहाव्या दिवसापासून खाली जड जड वाटायला लागलं. काहीतरी निसटून पडेल असं. शिंकले की लघवीचा थेंब यायचा. कोणाला सांगणार? मी पट्टा जास्त घट्ट बांधून घेतला आणि योगा आणखी दहा मिनिटं वाढवला.

ज्या दिवशी पाय गेला

सव्वा महिना संपला त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी तन्वी खाली गोधडीवर रडत होती. मी वाकले, तिला उचललं, आणि उठता उठता जांघेतून अशी कळ आली की डावा पाय माझा नव्हताच जणू. मी एका गुडघ्यावर आदळले. तन्वी हातातून सुटली.

गोधडीवरच पडली, वीतभर उंचीवरून. लागलं काहीच नाही. पण ती पडली त्या क्षणी तिचं रडणं थांबलं, आणि ती परत रडेपर्यंत जो काही वेळ गेला, त्या वेळाबद्दल मी आजही कोणाशी बोलत नाही.

जिजी धावत आल्या. आधी पोर उचललं, डोकं चाचपलं, हातपाय हलवून बघितले. मग माझ्याकडे बघितलं. मी उठायला गेले तर माझ्याखालची फरशी ओली होती.

त्यांनीही ते बघितलं. दीपक, माझा नवरा, केळीच्या बागेतून घरी आला तेव्हा त्या उंबऱ्यातच त्याला म्हणाल्या, "आजपाईन पोर मन्हाकडे. इले उचलू देवानं नई. पडी जाई."

"जिजी, एकदा झालं, पाय सटकला फक्त," मी आतून म्हणाले.

"नई म्हणजे नई."

दीपकने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, हा आता काहीतरी बोलेल. तो हात धुवायला गेला.

त्या दिवसापासून तन्वी मला फक्त दूध पाजायला मिळायची. मी बसायचे, मागे उशी ठेवायच्या, मग जिजी आणून मांडीवर द्यायच्या आणि पिऊन झालं की समोर येऊन उभ्या राहायच्या, हात पुढे करून. जणू माझं उतरायचं ठिकाण आलं. ती रडली की मी खाटेवरून बघायची आणि त्या उचलायच्या. ती त्यांच्या खांद्यावर गप्प व्हायची. काय वाटायचं सांगू? स्वतःच्या मुलीचा राग यायचा. दोन महिन्यांच्या पोरीचा! मग स्वतःची इतकी किळस यायची की ताट पुढे आलं तरी बाजूला सारून ठेवायची.

शेजारची एक बाई बघायला आली तेव्हा माझ्यादेखत जिजींना विचारून गेली, "इना डोकावर परिणाम व्हई ग्या का?" जिजींनी उत्तर दिलं नाही. मी ते 'हो' असंच धरलं.

तपासणी

शेवटी मीच दीपकला म्हणाले, "मला दवाखान्यात ने. नाहीतर मी एकटी बसने जाईन, मला गाड्यांचे टायमिंग पाठ आहेत." तो घाबरला की लाजला, कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी मोटारसायकल न काढता शेजाऱ्यांची गाडी मागून आणली.

नंदुरबारला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. खोकायला सांगितलं, मी खोकले, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कंडक्टरला चेहरा वाचता येतो. कोण बिनतिकीट आहे ते दारातच कळतं. त्यांचा चेहरा वाईट नव्हता, पण हलकाही नव्हता.

"पिशवी खाली सरकलीय. अजून फार नाही. आणि पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत, फटीत तीन बोटं जातात," त्या म्हणाल्या. "पोटाला हे काय बांधलंय?"

मी सांगितलं. योगाचंही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वरून आवळून बांधलं, श्वास कोंडला आणि पोटावर जोर दिला, तर तो जोर जाणार कुठे? खालीच ना? काढा हा पट्टा. तीन महिने व्यायामाच्या मॅडमकडे जायचं. आत्ता जड उचलायचं नाही. मुलगीसुद्धा बसूनच घ्यायची. तीन महिन्यांनी बघू."

"आणि नाही झालं बरं तर?"

"तर पुढचं पुढे बघू. वाढलं तर ऑपरेशनचा विचार करावा लागतो."

"मुलीला उचलता येईल का मला?"

मी नोकरीचं विचारलं नाही, दुखण्याचं नाही, ऑपरेशनचं पण नाही. एवढंच तोंडातून निघालं. त्या म्हणाल्या, "प्रयत्न तर त्याचसाठी आहे." हो म्हणाल्या नाहीत. घरी येईपर्यंत मी ते वाक्य पंचवीस वेळा उलटंपालटं करून बघितलं, त्यात कुठे 'हो' सापडतंय का म्हणून.

रमिला मॅडम

व्यायामाच्या मॅडम म्हणजे रमिला मॅडम. वय पंचवीस-सव्वीस, धडगावकडच्या डोंगरातल्या, अंगाने इतक्या बारीक की मला वाटलं पेशंटच असतील. आठवड्यातून दोनदा दवाखान्याच्या मागच्या खोलीत चटया टाकून बाळंतिणींना योग शिकवायच्या. खरं सांगते, मनात आलं, ही पोर काय शिकवणार? हिला तर अजून लग्नही माहीत नाही. आमच्या सपाटीवरच्या लोकांना ही वाईट खोड आहे, डोंगरातल्या माणसाला आधी लहान समजायचं.

त्यांनी मला उताणी झोपवलं, गुडघे दुमडून. म्हणाल्या, "श्वास सोडा. सोडताना खालचं अंग हळूच वर ओढून घ्या."

"आणि मग?"

"मग काही नाही. परत श्वास घ्या, ढिलं सोडा."

"एवढंच?"

"एवढं जमलं तर पुष्कळ आहे."

जमेना! पहिला आठवडाभर जमेना. श्वास सोडा म्हटलं की मी आधी भरून कोंडायची. पोट दगड व्हायचं, दात आवळले जायचे. त्या माझ्या गालाला बोट लावायच्या, "हे सोडा आधी." मांजरासारखं चार पायांवर यायचं, तिथेही तेच. कंबर दोन इंच उचलायची, तिथेही श्वास बंद. चौथ्या वेळी मी चटईवर उठून बसले आणि ओरडले, "नाही होत मला! नऊ वर्षं मी गाडीत दांडा धरून, पोट आवळून उभी आहे. लघवीला जागा नाही म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही, दुपारपर्यंत रोखून धरते. मला रोखायचंच माहितीय. सोडायचं कोणी शिकवलंच नाही!"

खोलीतल्या बाकीच्या दोघींनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. मॅडम रागावतील वाटलं. त्या विचार करत होत्या.

"गाडीत तुम्ही काय ओरडता?"

"काय म्हणजे?"

"स्टॉप आले की. ओरडून दाखवा."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्या तशाच बसून होत्या. मग मी ओरडले, नेहमीसारखं लांबवून, "डामरखेडाऽऽ! प्रकाशाऽऽ!"

"पोटावर हात ठेवून ओरडा."

ठेवला. ओरडले. आणि हाताखाली पोट आपोआप आत गेलं, हळू, दगड न होता. श्वास बाहेर जात होता. कोंडून ठेवून कोणाला ओरडता येतं का?

"आता हेच ओरडता ओरडता कंबर उचला," रमिला मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

त्या दिवसापासून माझा योग असा. कंबर उचलताना प्रकाशा. कुशीवरून उठताना कोरीट फाटा. गुडघ्यावर येऊन उभं राहताना नंदुरबार. बाकीच्या दोघींना इतकं हसू यायचं की त्यांचाही श्वास सुटायचा. मॅडम म्हणाल्या, "पुढे आवाज कमी करा, मग मनातल्या मनात." मी म्हटलं, ते जमेल तेव्हा जमेल.

तीन महिने

वाचणाऱ्या बायांनो, पटकन बरं होत नाही. पंधरा दिवस काहीच फरक नव्हता. मग एकदा शिंकले आणि कोरडी राहिले, तेव्हा भिंतीला टेकून एकटीच हसले. दुसऱ्या दिवशी परत जड वाटलं. कधी इतकं दुखायचं की भिंतीला पाय लावून नुसतं पडून राहायचं, तेवढंच मॅडमनी चालेल म्हटलं होतं. रोज सकाळी उठून पहिला विचार हाच, आज खाली आलंय का? चार पावलं टाकून बघायची. कधी आलेलं असायचं, कधी नाही.

घरात वातावरण ताणलेलं. पट्टा मी काढला, त्या दिवशी जिजींनी लुगड्याची ती घडी माझ्यासमोर आपटली होती. मी चटईवर पडून हळू आवाजात गावांची नावं घ्यायची, त्या दारातून बघायच्या, तन्वी खांद्यावर.

"लेटी लेटी गाव मोजी ऱ्हायनी. हाऊ काय व्यायाम शे?"

एकदा माझा तोल गेलाच. म्हटलं, "माझी पोर माझ्याकडून काढून घेतलीत, आता व्यायामही काढून घ्या! तुम्हाला मी वेडीच वाटते ना?"

जिजी तन्वीला घेऊन ओट्यावर गेल्या. दीपक म्हणाला, "कशाला बोललीस गं तिला?" मी म्हटलं, "तू बोलला असतास तर मला बोलावं लागलं नसतं." आठ दिवस आमच्यात मीठ-चहापुरतं बोलणं. पण नवव्या दिवशी मी चटई टाकली तर हा तन्वीला जिजींच्या खांद्यावरून घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला, आणि रोज बसायला लागला. माझ्या डोळ्यांसमोर पोर ठेवून. मी याला माफ केलं ते तेव्हा.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी परत तपासलं. खोकायला लावलं. "पिशवी आणखी खाली आलेली नाही. तिला वर धरायला लागलायत तुम्ही. पोटाची फट एक बोट राहिलीय."

"उचलू?"

त्यांनी रमिला मॅडमकडे बघितलं. मॅडमनी आधी मला पाच किलोची पिशवी उचलायला लावली. मग परत. मग म्हणाल्या, "घरी करा. कोणीतरी जवळ असू द्या."

उचललं

घरी आले तेव्हा तन्वी ओसरीत चटईवर पालथी पडून मान वर करून बघत होती. साडेपाच महिन्यांची, चांगली गुबगुबीत झालेली. जिजी शेजारी शेंगा सोलत होत्या. मी पायातली चप्पल काढली आणि सरळ तिच्याकडे गेले. जिजींनी सूप बाजूला सरकवलं.

"नको व," त्या म्हणाल्या. "माय, नको."

मी एक गुडघा टेकला. तिला छातीशी धरलं. माझं लक्ष त्या जांघेतल्या जागेवर होतं, आत्ता येईल कळ, आत्ता येईल. श्वास सोडला. तोंडातून काहीही निघालं नाही, नुसती हवा. आणि उठले.

उभी राहिले. कळ आली नाही. तन्वीने माझे केस मुठीत पकडले आणि ओढले, तेवढंच दुखलं.

मी जिजींकडे वळले. काहीतरी टोचून बोलायचं होतं, तीन महिने जपून ठेवलेलं. पण त्या पदर तोंडाशी धरून रडत होत्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं.

"तुले काय वाटनं," त्या म्हणाल्या, "पोर पाडशी म्हणीसन ली लिधी मी? पोरना साठे नई व. तुन्हा साठे. वजन उचलं म्हणजे आखो खाले येस ते."

"जिजी, तुम्हाला काय माहीत?"

"माले बी शे."

मग त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं. दीपक बारा दिवसांचा असताना कापूस वेचायचा होता, घरात दुसरं कोणी नव्हतं, चाऱ्याचे भारे डोक्यावरून आणले. एक दिवस शेतातच काहीतरी बाहेर आलं. त्यांच्या सासूने सांगितलं, घट्ट बांध, आत जाईल. त्यांनी बांधलं. मग कापड घडी करून लावायचं, काम करायचं, चारचौघींत बसायचं टाळायचं. गावातली लग्नं, बसचा प्रवास, सगळं टाळलं. मला वाटायचं बाई माणूसघाणी आहे. माझ्याखालची ओली फरशी बघितली त्या दिवशी त्यांना सगळं कळलं होतं. त्यांना जे माहीत होतं ते सगळं त्यांनी केलं. मला सांगणं तेवढं राहिलं.

"मग बोलला का नाहीत?" मी म्हटलं. रडू आणि राग दोन्ही एकदम येत होते.

"कसं सांगू? सासू शे मी तुन्ही."

जिजींची तपासणी

त्यांना दवाखान्यात न्यायला पंधरा दिवस लागले. आज गुरुवार, आज पाहुणे, आज कंबर धरलीय. शेवटी मी म्हटलं, "तुम्ही आला नाहीत तर मी पट्टा परत बांधीन." तेव्हा त्यांनी चांगलं लुगडं काढलं.

दवाखान्याच्या पायऱ्या मी तन्वीला कडेवर घेऊन चढले. दर दोन पायऱ्यांना थांबून, श्वास सोडून. दीपक मागून हात पसरून येत होता, मी पडले तर झेलायला. त्याला अजून काही माहीत नव्हतं, जिजींनी शपथ घातली होती. आम्ही आत गेलो, तो बाहेर बाकाशेजारी उभा राहिला. दार अर्धवट उघडंच होतं.

रमिला मॅडमनी जिजींना खुर्ची दिली, पाणी दिलं, स्वतः वही घेऊन समोर चटईवर बसल्या.

"आजी, हा त्रास कधीपासून आहे?"

जिजींनी माझ्याकडे बघितलं. वर्षं सांगायची होती, पण आकडा तोंडातून निघेना. मग त्यांनी हात उचलून दाराबाहेर बोट दाखवलं, चौतीस वर्षांच्या, सहा फूट उंच, मिशीवाल्या दीपककडे.

"तो उभा शे ना," त्या म्हणाल्या, "तेना जलमपाईन."

मॅडमना अहिराणी येत नाही. पण त्यांनी लिहायचं थांबवलं. बाहेर दीपकनेही ऐकलं होतं. तो दारात आला, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काय करावं ते न कळून त्याने तन्वीला घ्यायला हात पुढे केले.

"राहू दे," मी म्हटलं. "मी धरलंय हिला. तू आईजवळ बस."